उपाशी माशीची साक्ष

दसरा तोंडावर आला की आमच्या मंचरच्या घरात एक भांडण ठरलेलं असतं, आणि ते पेरूंवरून होतं. ऊन असं तापतं की महिन्यापूर्वी पाऊस होता हे खोटं वाटावं. टोपलीतले पेरू दोन दिवसांत पिवळे पडतात आणि कुठून कोण जाणे, त्यांच्यावर चिलटं येतात. बारीक, तांबड्या डोळ्यांची, कुणाची भीडभाड नसलेली. आमचे हे फवाऱ्याची बाटली घेऊन उभे राहतात. मी म्हणते, "त्या टोपलीवर फुस्स केलंत तर आज स्वयंपाक नाही." ते म्हणतात, "अगं, किडे आहेत ते!" मी म्हणते, "आहेतच किडे. पण त्यांच्या जिवावर मी पाच वर्षं भाकरी खाल्लीय. खाल्ल्या मिठाला जागू द्या मला." मग बाटली कपाटावर जाते, टोपलीवर फडकं पडतं, आणि मला ते एका वर्षाचं दसरा-दिवाळीचं ऊन आठवायला लागतं.

दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत लागले होते. मूळची मी आंबेगावच्या पार पश्चिम टोकाची, डिंभ्याच्या धरणाच्याही वरच्या अंगाची. जुन्नरला वसतिगृहात राहून शिकले, मग पुण्याला. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी माझ्याकडं जे काम आलं ते म्हणजे माश्यांचा स्वयंपाक. हीच ती पेरूवरची चिलटं. विज्ञानात यांना फळमाशी म्हणतात आणि जगभर बाटल्यांत पाळतात. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट घालून एक घट्ट पिठलं शिजवायचं आणि बाटल्यांच्या तळाशी ओतायचं. इंग्रजी शाळेतून आलेली पोरं यंत्रांवर, आणि खेड्यातली म्हणून ढवळायला मी. बरं, माझ्या पिठल्याला गुठळी होत नसे, हेच माझं दुर्दैव.

गावाकडं तर काय, 'सुमी पुण्यात माश्या पाळती' एवढं सगळ्यांना पुरेसं होतं. एकदा नारायणगावच्या स्टँडवर जुन्नरकडचे एक आंबेवाले पाहुणे भेटले. म्हणाले, "ताई, आमच्या हापूसमदी आळ्या व्हत्यात राव. तुमच्या सायबानं औषध काढलं का न्हाई?" मी सांगितलं, ती फळमाशी वेगळी, आम्ही पाळतो ती वेगळी. "मंग तुमची कुठली?" "पेरूवरची चिलटं." पाहुण्यांनी पिशवी खांद्याला लावली. "आन् त्याला सरकार पगार देतं?" "देतं." "लई भारी!" म्हणून ते एसटीत चढले.

पिठल्यातून सुटका झाली ती एका यादीमुळं. माशीच्या डीएनएची सगळी पोथी तेव्हा वाचून झाली होती, म्हणजे अक्षरं लावून झाली होती. अक्षरं चारच, पण कोट्यवधी, आणि मध्ये ना पूर्णविराम ना मोकळी जागा. त्यातलं कुठलं वाक्य आणि कुठला नुसता अक्षरांचा पाचोळा, हे संगणकाला विचारलं होतं. एक प्रोग्रॅम म्हणायचा, इथं एक जनुक असावं. 'असावं' बरं का, 'आहे' नव्हे. दुसरा म्हणायचा, एक कुठलं, दोन असावीत. तिसरा म्हणायचा, काहीच नाही. या तिघांची भांडणं सोडवायला जागोजागी माणसं बसवली होती आणि त्यांतली एक मी. संशयितांची एक यादी माझ्या वाट्याला आली होती.

निवाडा साक्षीवर व्हायचा. पेशीला एखादं जनुक लागलं की ती त्याची नक्कल काढते आणि नकलेवरून काम करते. अशा नकला गोळा करून ठेवलेल्या होत्या, अंड्यांमधून, अळ्यांमधून, मोठ्या माश्यांच्या डोक्यांमधून. पडद्यावर वर अंदाजाची निळी पट्टी, खाली नकलेची हिरवी. जुळली तर जनुक खरं. बांध सरकला असेल तर नीट करायचा. दोन घरं एकात घुसडली असतील तर मध्ये भिंत घालायची. आणि खाली हिरवं काहीच नसेल, तर चौकटीत लिहायचं 'काढा'. मी काही फार दयाळू नव्हते. कितीतरी अंदाज मी खोडले, काही तर चहा पिता पिता खोडले, आणि ते खोडण्याच्याच लायकीचे होते.

या धंद्यात नावं ठेवायची रीतही गमतीची आहे. जनुक बिघडलं की काय होतं, त्यावरून त्याचं नाव. डोळे लाल करणारं जनुक बिघडलं, डोळे पांढरे झाले, तर जनुकाचं नाव 'पांढरं'. आमच्याकडं नाही का, घरात एकजण लंगडा झाला की पुढच्या चार पिढ्या लंगड्याच्याच. पण ज्याच्यावर माझं अडलं त्याला नाव नव्हतं, नुसता एक लांबलचक नंबर होता. दोन मोठ्या जनुकांच्या मध्ये लांबच लांब ओसाड पट्टा, आणि त्यात हे एवढंसं. सुरुवात जिथं हवी तिथं, शेवट जिथं हवा तिथं, मध्ये कुठं तुटलेलं नाही. दोन प्रोग्रॅम आहे म्हणत होते, तिसरा नाही. खाली हिरवं मात्र टिपूससुद्धा नव्हतं.

"सर, हे चुकीचं वाटत नाही," मी म्हणाले.

आमचे सर शिस्तीचे. "वाटणं हा पुरावा नव्हे, सुमन. नक्कल आहे?"

"नाही."

"मग काढा."

"दोन प्रोग्रॅम आहे म्हणतात."

"दोघांनी भूत पाहिलं म्हणून भूत खरं होत नाही."

माझं तोंड मला कधीच आवरत नाही. जुन्नरच्या कॉलेजात असताना आमची सहल खोडदच्या, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या अँटेना बघायला गेली होती, ते डोक्यात आलं. म्हणाले, "सर, खोडदच्या अँटेनांची तोंडं जमिनीकडं करून ठेवली, तर आकाश गप्प आहे असं लिहायचं का?"

सरांनी चष्मा काढला. "दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी यादी जाणार. जगात बाकीचे थांबलेत आपल्यासाठी. एका चौकटीपायी अडून बसणार असशील तर पुढच्या यादीवर मला दुसरं माणूस बसवावं लागेल. पिठलं ढवळायला तू आहेसच."

शेवटचं वाक्य ते हसत बोलले. मला ते हसू अजून आठवतं आणि अजून राग येतो.

दसऱ्याला गावी गेले ती असं तोंड घेऊन. डिंभ्यापर्यंत बरी गाडी, पुढं खडखडाट, पुढं पाय. वरच्या वरकसातली वरई कापून खाली आली होती. वरकस म्हणजे डोंगराच्या उतारावरची हलकी जमीन; भात खाली खाचरात आणि वर नाचणी-वरई. खळ्यावर वरईची रास, सगळ्या अंगाला टोचणारं बारीक कूस, नाकात तो कोरडा गोडसर वास. दादा, म्हणजे माझे वडील, झोडपत होते. आई पाखडत होती. मी मुकाट्यानं पेंढ्या हातात देत होते.

आई म्हणाली, "तोंड का पाडलंस गं? कुनी बोललं का?"

मी सांगत बसले. माशीच्या अंगात एक गोष्ट आहे, मला दिसते, पण सगळे म्हणतात नाही, कारण साक्ष नाही; दिवाळीनंतर ती कायमची खोडायची आणि नाही खोडली तर मी परत पिठल्यावर. मला वाटलं, यांना काय कळणार. दादांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"पाहणी कवा केली?"

मला हसूच फुटलं. कारण हा प्रश्न मी दादांच्या तोंडून पूर्वी ऐकला होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला जुन्नरच्या वसतिगृहात घालायचं ठरलं होतं आणि त्या अर्जाला जमिनीचा सातबारा हवा होता. दादांना वाचता येत नाही. घोडेगावात उतारा हातात पडल्यावर मी वाचून दाखवला. खाचर: भात. वरकस: पड. पड म्हणजे काही न पिकवता सोडलेली जमीन. "काय लिवलंय?" मी पुन्हा वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, मग कागदाची घडी घालून टोपीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर जाऊन वरईची एक पेंढी कापली, काखेत मारली, आणि मला म्हणाले, "चल, वाचायला तू लागशील."

चावडीत तलाठी टेबलामागं. दादांनी पेंढी टेबलावर ठेवली. दाणे कागदांवर सांडले.

"भाऊसाहेब, ह्ये काय हाय?"

"वरई दिसतेय."

"कुठली?"

"मला काय ठाऊक?"

"तुमी पड लिवलेल्या रानातली."

तलाठी म्हणाले, "दादा, मी खोटं लिहिलेलं नाही. पाहणी करूनच लिहिलंय."

"पाहणी कवा केली?"

"चैत्रात."

"चैतात वरई यायला ती काय जत्रा हाय?"

चावडीतली माणसं खो खो हसली. तलाठ्यांचे कान लाल झाले. माणूस वाईट नव्हता, हे मला आज कळतं. चैत्रात तिथं खरंच काही नव्हतं. फटफटी जाते तिथपर्यंत येऊन, खालूनच वर बघून त्यांनी वर्षाचे सगळे रकाने एका बैठकीत भरले होते. उंटावरून शेळ्या हाकल्या, एवढाच त्यांचा गुन्हा. दादा म्हणाले, "आता चला. आत्ताच्या आत्ता. मी हाय ना संगं." आणि नेलं त्यांना वर. त्यांच्या पायांत शहरी चप्पल, उतार ओला, अर्ध्यात एक चप्पल सुटून खालच्या झुडपात गेली. ती आणायला दादाच उतरले, वर आणली, पुसून पुढं ठेवली. वर वारा होता, उतार भरून वरई वाकलेली होती. तलाठी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "एवढी?" परतताना आमच्या घरी वरईचा भात आणि खेकड्याचा रस्सा दोनदा मागून घेतला, आणि रकान्यात 'वरई' लिहून गेले.

पुढं त्यांची बदली झाली. नव्यानं पुन्हा पड लिहिलं. दादांनी पुन्हा पेंढी कापली. असे किती तलाठी त्यांनी तो उतार चढवला याची मोजदाद मी ठेवलेली नाही.

तर त्या दसऱ्याला खळ्यावर मी म्हणाले, "दादा, माशीचा सातबारा नसतो."

"नसू दे. कवा केली त्ये सांग."

"सगळ्या वयांची केलीय. अंडी, अळ्या, मोठ्या माश्या. काही राहिलं नाही."

आईनं सूप थांबवलं. "आन् त्या समद्या तुज्या हातचं पिठलं खाऊन बसलेल्या?"

"माझ्या नाही, पण कुणाच्या तरी हातचं. का?"

"मंग भरल्या घरात वरई कोन इचारतंय? भादव्यात इचार."

मी पेंढ्या-बिंढ्या तशाच सोडून उठले. भादवा आमच्याकडं काय असतो हे बाहेरच्याला सांगावं लागतं. जुनं भात संपलेलं, नवं अजून हिरवं, कणगीचा तळ दिसतो. तेव्हा पहिली पिकते ती वर उतारावरची हळवी वरई. लहानपणी त्या महिन्यात आम्ही जगलो ते त्या वरकसावर, ज्याच्यापुढं सरकारी अक्षरात 'पड' होतं. आणि मी, भादव्यात पोट आवळून वाढलेली पोरगी, पुण्यात बसून सगळ्या जगाच्या पोटभरल्या माश्यांना विचारत होते की बायांनो, तुम्हाला हे लागतं का. नाही लागत, म्हणणारच त्या! मला माझाच इतका संताप आला की सांगता सोय नाही.

सरांना जाऊन सांगितलं, उपाशी माशी बघायचीय. ते म्हणाले, "सुट्टीत काय करायचं ते कर. सोमवार बदलणार नाही." मी दिवाळीला घरी गेले नाही. माश्यांच्या दोन तुकड्या केल्या. एकीला नेहमीचं पिठलं. दुसरीला नुसता चायनाग्रासनं थिजवलेल्या पाण्याचा घट्ट गोळा, म्हणजे तहान भागेल पण पोटात काही जाणार नाही. जिवावर आलं, पण नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. दोन दिवसांनी त्यांच्यातल्या नकला काढून बघितल्या. उपाशी कोरी, जेवलेलीही कोरी. काहीच नाही.

मी डोकं धरून बसले. काशिनाथमामा, आमचे पारगावकडचे शिपाई, चहा घेऊन आले. म्हणाले, "बाई, त्या बाटल्यांमदी मी गूळ टाकला व्हता, त्यानं काय बिघडलं न्हाई ना?"

"कुठल्या बाटल्यांमध्ये?"

"उपाशी व्हत्या त्या. घरचा गूळ हाय, कारखान्याची साखर न्हाई." माझा चेहरा बघून ते मागं सरले. "आवो, नरकचतुर्दशी व्हती! सनासुदीला दारातलं कुत्रंबी कुनी उपाशी ठेवत न्हाई."

मी अशी ओरडले की पलीकडच्या इमारतीतला वॉचमन धावत आला. मामा बिचारे कपबशी घेऊन उभेच. मग एकदम माझी जीभ थांबली. म्हणजे या उपाशी नव्हत्याच! यांची दिवाळी झाली होती, तीही पारगावच्या गुळाची. जेवलेली माशी कोरी, गूळ खाल्लेली माशीही कोरी. मामांनी मला एक साक्ष फुकट मिळवून दिली होती. मी त्यांचा चहा घेतला, त्यांच्या पाया पडले, आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आत उपवास चालू आहे. नैवेद्य दाखवू नये.'

पाडव्याला नव्यानं मांडलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नक्कल असली की जिथं पट्टी उमटते त्या जेलच्या पातळ थरावर बघितलं, तर उपाशी माश्यांच्या रांगेत एक पट्टी. फिकी, बारीक, पण जिथं हवी नेमकी तिथं. जेवलेल्यांची रांग कोरी. मी एकटीच उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "हाय की!" इतक्या वर्षांत पुण्यात जपून ठेवलेली शुद्ध मराठी तिथंच गळून पडली.

सर शनिवारी आले. म्हणाले, "बाहेरून मिसळलेला कचरा असेल."

"कचरा असेल तर जेवलेल्या माशीत का नाही, सर?"

त्यांनी कोट काढून बाह्या सारल्या आणि माझ्या उरलेल्या माश्या घेऊन सगळं पहिल्यापासून स्वतःच्या हातानं केलं. मी शेजारी उभी. रविवारी संध्याकाळी त्यांच्या हातूनही तीच पट्टी आली. त्यांना राग असेल, लाज असेल, मला माहीत नाही. पण चढायचं म्हटल्यावर ते चढले, एवढं मी त्यांच्याबद्दल नेहमी सांगते. सोमवारी सकाळी त्यांनी चौकटीत 'ठेवा' लिहिलं आणि विचारलं, "शेरा काय देऊ?"

"लिहा, उपाशी माशीत दिसते. भरल्या पोटी पाहणी करू नये."

त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं. दुसरं नाही लिहिलं. पण पुढच्या यादीवर माझं नाव होतं, आणि पिठलं ढवळायला ती इंग्रजी शाळेतली पोरं पाळीपाळीनं लागली. त्यांच्या पिठल्याला गुठळ्या व्हायच्या, माश्या बिचाऱ्या खायच्या. प्रयोगशाळेच्या वहीत त्या नंबरापुढं मी कंसात 'वरई' लिहिलं आणि आम्ही सगळे त्याला तेच म्हणू लागलो.

गावात फोन एकच, किराणा दुकानात. दादांना बोलावून घेतलं. मी ओरडून सांगितलं, "दादा, सापडलं!"

खरखरीतून दादांचा आवाज आला. म्हणाले, "सापडलं कुठं? व्हतंच की त्ये. तुमी आत्ता वर चढलात." आणि फोन ठेवला. फोनवर माणसाशी जरा सांभाळून बोलावं, असं त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

पुढं काही वर्षांनी फळमाशीच्या चुलत बहिणींच्या पोथ्याही वाचून झाल्या. त्यांच्यातही तेच एवढंसं, त्याच ओसाड पट्ट्यात, जसंच्या तसं; नुसता पाचोळा असता तर असा टिकला नसता. मी तोवर मंचरला कॉलेजात शिकवायला आले होते. पण ती नोंद बघायची माझी सवय गेलेली नाही. नवे प्रोग्रॅम येतात, यादीच्या नव्या आवृत्त्या निघतात, नवी माणसं बसतात, आणि कोण कधी खालूनच बघून रकाना भरेल याचा नेम नाही. म्हणून दसऱ्याच्या सुट्टीपूर्वी मी कॉलेजच्या संगणकावर बसते, तो लांबलचक नंबर घालते आणि पान उघडायची वाट बघते. आमचं इंटरनेट म्हणजे बैलगाडी. तोवर जीव टांगणीला.

परवा गेले होते गावी. दादांचे गुडघे गेलेत. तरी वरच्या उताराचा एक तुकडा त्यांनी या वर्षीही लावला. खाण्यापुरतीही वरई होत नाही. मी म्हणाले, "कशाला हा अट्टाहास? एवढ्यासाठी वर चढायचं?" म्हणाले, "तलाठ्याला पड लिवता येऊ नये म्हनून." आई तोंडाला पदर लावून हसली. तिनं ताटात वरईचा भात वाढला, वर दूध घातलं, आणि पहिला घास मी तोंडात घातला तेव्हा दादांनी दरवर्षीचा प्रश्न विचारला.

"तुजी ती माशीतली वरई. हाय ना अजून तितं?"

"हाय, दादा. कालच बघितली."

त्यांनी मान हलवली. कोपऱ्यात उभा केलेला विळा जरा सरळ केला.

"ध्यान ठेव. कुनी खोडली तर सांग. मी पेंढी घिऊन येतो."